तोफेआड राहिलेला खंजीर

राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसून मुरूडच्या जंजिऱ्याकडे गेलेला प्रवासी परत येतो, तेव्हा त्याच्या स्मरणात कलाल बांगडी तोफेचे अजस्र धूड असते, भर समुद्रातील गोड्या पाण्याची तळी असतात, महाद्वारावर हत्तींना पंजांत दाबून धरलेला शार्दूल असतो, आणि हा किल्ला कोणालाही जिंकता आला नाही हे घोकून पाठ केल्यासारखे एक वाक्य असते. ज्यांनी हा किल्ला तीनशेहून अधिक वर्षे राखला ती माणसे कोण, कोणत्या मुलखातून आली, हाती काय घेऊन लढली आणि दास म्हणून विकले गेलेल्यांचे वंशज या किनाऱ्याचे सत्ताधीश कसे झाले, याविषयी मात्र त्याच्या कानी जवळजवळ काहीच पडत नाही. माझ्या मते जंजिऱ्याच्या इतिहासाचा हा न सांगितलेला भागच अधिक मोलाचा असून, तो समजून घेण्याचा सर्वांत सरळ मार्ग तोफेपासून नव्हे तर त्या माणसांच्या कमरेच्या लहानशा शस्त्रापासून सुरू होतो.

अबिसीनियाच्या पठारावरून आणि तांबड्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरून जी माणसे अरबी व्यापाऱ्यांच्या जहाजांतून हिंदुस्थानात आणली गेली, त्यांस आपल्याकडे हबशी किंवा सिद्दी म्हणत. त्यांतील बहुतेक येताना विकत घेतलेली माणसे होती. परंतु त्यांचा लौकिक ओझी वाहणाऱ्या मजुरांचा नव्हता, तो शिपायांचा होता. इब्न बतूता या प्रवाशाने चौदाव्या शतकात गुजरातच्या किनाऱ्यावरून मलबारकडे केलेल्या आपल्या सागरप्रवासाचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात जहाजावर पन्नास वल्हेकरी आणि पन्नास हबशी शिपाई होते असे तो नमूद करतो. आणि एक जरी हबशी जहाजावर असला तरी चाचे त्या जहाजाच्या वाटेस जात नाहीत, अशा आशयाचे त्याचे निरीक्षण आहे. जंजिऱ्याच्या दगडी तटाचा पहिला चिरा बसण्यापूर्वी दोन शतकांहून अधिक काळ आधी पश्चिम किनाऱ्यावर हबशी शिपायाची ही पत होती, आणि ती पत त्याने तोफांच्या बळावर मिळवलेली नव्हती.

पुढे दख्खनच्या सुलतानांनी या शिपायांना आपल्या फौजांत घेतले आणि त्यांतूनच मलिक अंबर उदयास आला. अबिसीनियात जन्मलेला, अनेक वेळा विकला गेलेला हा पुरुष अहमदनगरच्या निजामशाहीत चंगीझखान या मुत्सद्द्याच्या पदरी आला. तो चंगीझखानही मूळचा हबशीच. अहमदनगरचा किल्ला १६०० साली मोगलांच्या हाती पडल्यावरही अंबराने निजामशाहीची गादी पुन्हा उभी केली, १६२४ साली भातवडीच्या रणात मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांचा एकाच वेळी पराभव केला, आणि त्या रणात शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने लढले. जंजिऱ्याचे सिद्दी याच परंपरेतील. ज्या बेटावर रामा पाटील या कोळी नायकाचा लाकडी मेढेकोट होता, तो दारूच्या पिंपांत शिपाई दडवून पिरमखानाने कपटाने घेतला अशी कथा आहे. निजामशाहीच्या अमलात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे दगडी तट उभा राहिला, आणि तो मुलूख लोकांच्या तोंडी हबसाण झाला.

आता या माणसांच्या मायभूमीतील शस्त्रांकडे वळू. तांबड्या समुद्राच्या काठावरील उष्ण, रखरखीत दनाकिल प्रदेशात राहणारे अफार लोक ‘गिले’ नावाचा खंजीर बाळगतात. त्याचे पाते रुंद, दुधारी आणि टोकाकडे वळलेले असते. पात्याच्या मधोमध एक उंच कणा असतो, त्यामुळे पाते पातळ असूनही वाकत नाही. चामड्याने मढवलेले त्याचे म्यान कमरेच्या समोर, पोटावर बांधतात, म्हणजे उजवा हात किंचित हलला तरी मूठ पंजात येते. सुदान आणि सहाराच्या प्रदेशांत याहूनही निराळी रीत आहे. तेथे सरळ पात्याची लहान सुरी चामड्याच्या वळ्याने डाव्या दंडाला बांधतात. आणि तुआरेग लोकांचा ‘तेलेक’ हा खंजीर डाव्या हाताच्या आतल्या बाजूस, मूठ मनगटाकडे आणि पाते कोपराकडे, असा बांधलेला असतो. त्याची मूठ क्रुसासारखी आडव्या दांड्याची असून तो दांडा बोटांच्या पेऱ्यांत अडकतो. उंटावर बसलेल्या, एका हाती भाला आणि दुसऱ्या हाती ढाल पेलणाऱ्या माणसास भाला फेकून झाल्यावर कमरेपर्यंत हात नेण्याचा अवकाश मिळत नाही. त्याचे अखेरचे शस्त्र त्याच्या हातावरच असावे लागते. शस्त्राची जागा अशी त्याच्या उपयोगाने ठरते, आणि ज्याने ती जागा नीट पाहिली त्यास लढाई कशी चालत असे हे ग्रंथ न उघडताही पुष्कळसे कळते.

अबिसीनियाच्या पठारावर ‘शोटेल’ नावाची तलवार होती, जिचे पाते विळ्यासारखे जवळजवळ अर्धवर्तुळ होई. सरळ तलवारीचा घाव ढालीवर अडतो. शोटेलचे टोक मात्र ढालीच्या कडेवरून आत वळून ढालीमागच्या माणसास गाठते. पाणघोड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची जाड ढाल जेथे प्रत्येक लढवय्याच्या हाती होती, तेथे या वक्र पात्याचा शोध लागणे क्रमप्राप्तच होते. दक्षिणेकडे झुलू राजा शाका याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुरून फेकण्याच्या भाल्याऐवजी आखूड दांड्याचा, रुंद पात्याचा भाला आपल्या शिपायांच्या हाती दिला. तो हातातून न सोडता शत्रूच्या अंगाला भिडून चालवायचा असे. या एका बदलाने त्या फौजेची सारी शिस्त पालटली, कारण शत्रूच्या श्वासाइतके जवळ जाऊन लढणारी पलटण रांग मोडू शकत नाही. उलट, काँगोच्या खोऱ्यातील कुबा राज्यात श्याम नावाच्या राजाने युद्धात फेकण्याची सुरी बंद केली आणि तिच्या जागी पानाच्या आकाराची ‘इकुल’ ही सुरी शांततेची खूण म्हणून रूढ केली, अशी तेथील परंपरा सांगते. एकाच खंडात एका राजाने लहान पात्याने युद्ध तीव्र केले आणि दुसऱ्याने लहान पात्यानेच ते शांतवले. आफ्रिकेची शस्त्रे म्हणजे रानटीपणाची खूण, असा जो समज गेल्या शतकातील युरोपीय संग्रहालयांनी रूढ केला आणि आपणही विचार न करता उचलला, त्यास ही दोन उदाहरणे पुरेसे उत्तर आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. खंजीर हे कोठेही, आफ्रिकेत नाही आणि दख्खनेतही नाही, फौजेचे मुख्य आयुध नव्हते. भाला, धनुष्य, ढाल आणि पुढे बंदूक ही रणाची पहिली आयुधे. खंजीर हे रणाचे अखेरचे आयुध. परंतु अशी काही युद्धे असतात की ज्यांत अखेरचा प्रसंग प्रत्येक वेळी येतोच, आणि समुद्रावरील युद्ध हे त्यांतले प्रमुख होय. कोकणच्या आरमारात दोन किंवा तीन डोलकाठ्यांची गुराब नाळेवरील तोफा डागून शत्रूच्या जहाजाचे शीड आणि दोरखंड तोडीत असे. मग चाळीस-पन्नास वल्ह्यांची, शिपायांनी खच्चून भरलेली गलबते त्या अडकलेल्या जहाजास चहूकडून भिडत आणि शिपाई त्यावर उड्या घेत. त्या क्षणी लांब तलवार दोरखंडांत अडकते, भाला फिरवण्यास जागा उरत नाही, बंदुकीत दुसऱ्यांदा बार भरण्यास उसंत नसते आणि खाऱ्या तुषारांनी दारू ओली झालेली असते. अरुंद, निसरड्या, हेलकावणाऱ्या फळ्यांवर जे शस्त्र निर्णय करते ते हातभर लांबीच्या आतले असते. हबशी शिपायास पाहून चाचे वाट सोडीत याचे मर्म मला येथे दिसते: तोफ जहाज थांबवी, पण ते ताब्यात घेणे किंवा राखणे हे काम अखेर माणसाच्या मनगटाचे होते.

दख्खनेत आल्यावर या शिपायाच्या हाती येथील शस्त्रे आली. अरबस्तानातून आलेला वक्र जंबिया, इराणी घाटाचा खंजीर आणि शुद्ध देशी कट्यार ही सारी दख्खनच्या शस्त्रशाळांत शेजारी शेजारी नांदत होती. वक्र पाते वरून खाली उतरते आणि वळताना जखम रुंदावते. कट्यारीची मूठ दोन उभ्या पट्ट्यांमधील आडव्या दांड्यांची असल्याने मुठीच्या सरळ रेषेत साऱ्या अंगाचे वजन पात्यामागे येते आणि तिचे जाड टोक साखळी चिलखतही भेदते. विंचवाच्या नांगीसारखा दोनदा वळलेला बिचवा तर प्रतापगडच्या प्रसंगामुळे प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहे. एकाच प्रश्नास दोन खंडांनी दिलेली ही उत्तरे हबशी शिपायाच्या कमरेस एकत्र आली. जंजिऱ्याच्या कथेतील हा खरा संगम आहे आणि तो आजवर कोणी प्रवाशांस दाखवलेला नाही.

या संगमाचे सामर्थ्य १६७१ साली होळीच्या रात्री दिसले. किनाऱ्यावरील दंडा-राजपुरी तेव्हा शिवाजी महाराजांच्या ताब्यात होती. जंजिऱ्याचा सिद्दी कासीम, ज्यास पुढे मोगल दरबारातून याकूतखान हा किताब मिळाला, त्याने सिद्दी खैरियत यास जमिनीच्या बाजूने हूल देण्यास पाठवले आणि स्वतः तराफे व होड्या घेऊन समुद्राच्या बाजूने तटास शिड्या लावल्या. सणाच्या धुंदीत असलेले पहारेकरी आवाजाच्या दिशेने धावले आणि दर्याकडील तट उघडा पडला. शिडीवर चढणाऱ्या माणसाचा एक हात दोरास गुंतलेला असतो, ढाल पाठीवर असते, आणि माथ्यावर पाय ठेवताच पहिला सामना हाताच्या अंतरावर होतो. त्या रात्री काय चालले असेल हे सांगण्यास याहून अधिक शब्दांची गरज नाही. झटापट चालू असतानाच दारूचे कोठार उडाले. त्या हाहाकारात आपण जिवंत आहोत हे शिपायांस कळावे म्हणून कासीमाने आपली नेहमीची आरोळी दिली, असे खाफीखान लिहितो; आणि तो स्फोट दूर असलेल्या महाराजांस झोपेतून उठवून गेला, असेही त्याने नोंदवले आहे. दंडा-राजपुरी त्या रात्री गेली ती पुन्हा सहजी हाती आली नाही.

परंतु शिडी, अंधार आणि आखूड पाते यांवर कोणत्याही एका जमातीची मिरास नव्हती. खुद्द जंजिऱ्याच्या तटास रात्री शिड्या लावण्याचे अचाट साहस लाय पाटील या कोळ्याने मोरोपंत पिंगळ्यांच्या मोहिमेत केले. मागून यावयाची फौज वेळेवर पोहोचली नाही म्हणून तो प्रयत्न फसला, आणि महाराजांनी देऊ केलेली पालखी दर्यावर्दी माणसास काय कामाची म्हणून त्याने ती नम्रपणे नाकारली, असे परंपरा सांगते. १६६० साली पन्हाळ्यास वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर हबशी, आणि तो वेढा फोडण्यासाठी नेताजी पालकरांबरोबर धावून गेलेला सिद्दी हिलालही हबशीच. खांदेरी महाराजांनी १६७९ साली बांधावयास घेतली, तिच्यासमोरची उंदेरी सिद्दी कासीमाने लागलीच १६८० साली व्यापली, आणि थळच्या किनाऱ्यावरील कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही बेटांवरच्या तोफांचे आवाज ऐकले. आम्ही आणि ते अशी स्वच्छ रेघ ओढून हा इतिहास सांगता येत नाही, कारण ज्यांनी तो घडवला त्यांनी ती रेघ अशी ओढलेली नव्हती.

आणखी एक बाब मला या शस्त्राइतकीच महत्त्वाची वाटते. जंजिऱ्याची सत्ता दीर्घकाळ बापाकडून मुलाकडे अशी सरळ उतरत नसे. आरमारातील आणि किल्ल्यातील सिद्दी सरदारांत जो कर्तबगार व ज्येष्ठ, तो पुढे येई. जो समाज विकत घेतलेल्या, आईबापांपासून तुटलेल्या मुलांतून उभा राहिला, त्यास कुळाचा अभिमान धरण्यास कूळच नव्हते. त्यास अभिमान होता तो सोबत्याच्या विश्वासाचा आणि स्वतःच्या कर्तृत्वाचा. हाताच्या अंतरावर लढणाऱ्या माणसांमध्ये असा विश्वास उत्पन्न होतो, कारण तेथे प्रत्येकाचा जीव शेजारच्याच्या धैर्यावर अवलंबून असतो. खंजीर हा अशा समाजाचा खरा दस्तऐवज आहे, आणि आपण तो वाचावयाचे टाळले आहे.

यावर जो आक्षेप येईल तो मी हलका मानत नाही. सिद्दींच्या स्वाऱ्यांनी कोकणच्या रयतेस अतोनात पीडा दिली, गावे जाळली, माणसे धरून नेली. १६८९ नंतर चाळीसहून अधिक वर्षे रायगड त्यांच्या ताब्यात होता, आणि १७३६ साली रेवसजवळ चिमाजी अप्पांनी सिद्दी सातास रणात ठार केले तेव्हा या किनाऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला. हे सारे सांगितलेच पाहिजे. परंतु शत्रूचे सामर्थ्य कशात होते हे न सांगता आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाचे मोलही ठरत नाही. महाराजांनी जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग का उभारला, संभाजीराजांनी समुद्रात सेतू बांधण्याचा घाट का घातला, याचे उत्तर समोरच्या तटाच्या उंचीत अर्धेच मिळते; उरलेले अर्धे त्या तटावरच्या माणसांत आहे. आणि ज्या माणसास बालपणीच बाजारात उभे केले गेले, त्याच्या हातून पुढे क्रौर्य घडले असेल तर ते क्रौर्य आणि त्याच्यावर झालेले क्रौर्य ही दोन्ही एकाच पानावर लिहिण्याइतके धैर्य इतिहास शिकवणाऱ्यांच्या अंगी असावे.

या किनाऱ्याचे आफ्रिकेशी नाते एका दिशेनेच चालले असेही नाही. १८६७ च्या अखेरीस मुंबई बंदरातून नेपियरच्या नेतृत्वाखाली इंग्रजांची मोहीम अबिसीनियावर गेली. तीत मुंबई लष्करातील देशी पलटणी होत्या आणि तोफा वाहण्यास येथून नेलेले हत्तीही होते. १८६८ च्या एप्रिलात मगदला पडले, सम्राट टेवोड्रोस याने शरण जाण्यापेक्षा स्वतःवर गोळी झाडून घेतली, आणि राजकोशातील मुकुट, पोथ्या, क्रूस व इतर मौल्यवान चिजा लुटून लिलावात विकल्या गेल्या. त्यांतील पुष्कळ वस्तू आज लंडनच्या संग्रहालयांत आहेत आणि इथियोपिया त्या परत मागत आहे. ज्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांतील काही आहेत, तेथूनच वाघनखे २०२४ साली मुदतीच्या बोलीने साताऱ्यास आली आणि ती पाहण्यासाठी महाराष्ट्र लोटला. आपल्या शस्त्राविषयी आपल्याला जे वाटले तेच इथियोपियाच्या माणसास त्याच्या वारशाविषयी वाटत असेल, हे ओळखण्यास रायगडच्या किनाऱ्याइतकी योग्य भूमी दुसरी नाही.

म्हणून माझी मागणी साधी आणि निश्चित आहे. २०२५ साली मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात आपल्या रायगड जिल्ह्यातील रायगड आणि खांदेरी हे किल्ले आहेत. खांदेरीकडे पाहणारा प्रवासी उंदेरीकडे पाहिल्यावाचून राहणार नाही, आणि उंदेरीचा प्रश्न त्यास जंजिऱ्यापर्यंत आणीलच. त्यासाठी मुरूडमध्ये किनाऱ्याच्या शस्त्रांचे आणि आरमाराचे एक शासकीय संग्रहालय उभे राहावे. तेथे कट्यार, बिचवा आणि जंबिया यांच्या शेजारी गिले, तेलेक आणि शोटेल ठेवावेत. अस्सल न मिळाल्यास तज्ज्ञांच्या देखरेखीखाली केलेल्या प्रतिकृती ठेवाव्यात. प्रत्येकाखाली ते कोठे बांधत, कसे उपसत आणि कोणत्या प्रसंगी वापरत हे स्वच्छ मराठीत लिहावे. गुराबेचा आणि गलबताचा पूर्णाकृती छेद उभारून त्या अरुंद फळ्यांवर मुलांस उभे राहू द्यावे. राजापुरीजवळच्या खोकरी येथील सिद्दी सरदारांच्या घुमटांकडे जाणारी वाट सुधारून तेथे कोण निजले आहेत याची माहिती लावावी. धक्क्यावरील मार्गदर्शकांस आणि होडीवाल्या बांधवांस या इतिहासाचे शिक्षण द्यावे, कारण दरवर्षी हजारो प्रवाशांस जंजिरा दाखवणारे खरे शिक्षक तेच आहेत. आणि गुजरातच्या गीर भागात व कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आज शेतात आणि रानात राबून जगणारे जे सिद्दी आहेत, त्यांच्या मुलांस एकदा तरी सन्मानाने येथे बोलवावे, म्हणजे आपल्यासारख्याच माणसांनी या समुद्रावर सत्ता चालवली हे त्यांस परक्याच्या पुस्तकातून वाचावे लागणार नाही.

यास लागणारा खर्च एखाद्या पर्यटन महोत्सवाच्या रोषणाईपेक्षा फार मोठा नसेल आणि त्याचे फळ पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. ज्या प्रदेशाने आपल्या शत्रूस माणूस म्हणून ओळखले, त्याच प्रदेशाचा विजय जग आदराने ऐकते; मराठी माणसाने जंजिऱ्याच्या बाबतीत ही ओळख आता पटवून घेतली पाहिजे.